शेल्टरमधून कुत्रा खोकत आला, तर बिल कोणी भरायचं?

गणपतीला मुंबईहून गावी येणारे चाकरमानी हल्ली कुत्र्यालाही गाडीत घालून आणतात. गावातलं कुटुंब मुंबईला लग्नाला किंवा मोठ्या दवाखान्यात निघालं, की आपला कुत्रा जवळच्या शेल्टरमध्ये ठेवून जातं. पूर्वी शेजाऱ्याला सांगितलं की भागायचं. आता अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत शेजारच्या घरालाच कुलूप असतं. मग कुत्रा परत येतो, दोन-तीन दिवसांनी खोकायला लागतो आणि भांडण सुरू होतं. मालक म्हणतो, तुमच्याकडेच लागण झाली, डॉक्टरचं बिल द्या. शेल्टरवाला म्हणतो, आमच्याकडे होता तोवर ठणठणीत होता.

दोघंही खरं बोलत असू शकतात. ते कसं, हे कळायला आधी रोग, म्हणजे केनेल कफ हा कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, बघावा लागतो, मग कायदा.

आणि हा प्रश्न आता हौसेने कुत्रा पाळणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं, की कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडा. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री तेवढी सोडू नका. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे चिपळूणची नगरपरिषद असो की कणकवलीची नगरपंचायत, एका छपराखाली पुष्कळ कुत्री ठेवण्याची वेळ येणार. पुष्कळ कुत्री एकत्र आली की जो आजार सगळ्यात आधी हजेरी लावतो, तो हाच.

काटा अडकल्यासारखा खोकला

केनेल कफ झालेला कुत्रा कोरडा, घोगरा, भुंकल्यासारखा खोकतो. मान लांब करतो, ओकारी काढल्यासारखं करतो आणि शेवटी थोडा पांढरा फेस टाकतो. कोकणात पहिला संशय बांगडा माशाच्या काट्यावर जातो. "काटो अडाकलो आसतलो," म्हणून भाताचा गोळा भरवला जातो, कोणी घशात बोटही घालून बघतो. बोट घालू नका. घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. खरोखर काटा अडकलेला कुत्रा सहसा लाळ गाळतो, तोंडावर पंजा मारत राहतो, खाणं टाळतो. केनेल कफवाला दोन उबळींच्या मध्ये शेपूट हलवत जेवतो. ही काही पक्की परीक्षा नव्हे, कारण पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका दबल्यामुळे आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयविकारामुळेही असाच खोकला येतो. डॉक्टरने कानाला नळी लावून छाती ऐकल्याशिवाय निदान पक्कं धरू नये.

एरवी धडधाकट असलेला कुत्रा साधारण एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. त्याला आराम द्यायचा, पळवायचं नाही, गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा लावायचा, कारण गळ्यावर ओढ बसली की उबळ येते. अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येकाला लागत नाही. घरातलं खोकल्याचं सिरप किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतं, आणि काही सिरपमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर फारच घातक.

काळजी करायची ती पिल्लांची, म्हाताऱ्या कुत्र्यांची आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींची. त्यांच्यात हा खोकला छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ताप, जेवण सोडणं, धाप, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव यांपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नये.

जंतू एक नाही, टोळी आहे

केनेल कफ हे कुठल्या एका जंतूचं नाव नाही. बॉर्डेटेला ब्रॉन्कीसेप्टिका हा जीवाणू त्यातला प्रमुख. माणसांत डांग्या खोकला करणाऱ्या जीवाणूचा हा चुलतभाऊ. त्याच्या जोडीला कुत्र्यांचा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, अडेनोव्हायरस टाइप २, श्वसनमार्गाचा एक कोरोना विषाणू (कोविडचा नव्हे) आणि मायकोप्लाझ्मा. बऱ्याचदा दोघं-तिघं मिळूनच येतात. खोकल्याच्या तुषारांतून पसरतात, तसेच पाण्याच्या सामायिक भांड्यातून, फरशी पुसायच्या एकाच फडक्यातून आणि सांभाळणाऱ्याच्या हातांतूनही.

दोष कोणाचा, हे ठरवायच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे नेमका कुठला जंतू, ते बहुतेक वेळा कळतच नाही. साध्या खोकल्यासाठी कोणी महागडी तपासणी करत नाही. लक्षणं आणि 'चार कुत्र्यांत मिसळला होता' एवढ्यावर औषध सुरू होतं. त्यामुळे 'तुमच्याकडचाच जंतू' हे सिद्ध करायची आशा सोडावी. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची: बरा झालेला कुत्रा पुढे कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही बॉर्डेटेला बाहेर टाकत राहतो. न खोकणारा, तुकतुकीत कातडीचा, खेळकर कुत्रा रोग घेऊन आत येऊ शकतो. शेल्टरने दारात उभं राहून प्रत्येकाची तपासणी केली तरी असा पाहुणा सुटणारच.

मूल पहिल्यांदा अंगणवाडीत जायला लागलं की पहिल्या पावसात त्याचं नाक वाहतं, आणि त्यासाठी बाईंना कोणी जाब विचारत नाही. पण तापाने फणफणलेलं मूल बाईंनी दिवसभर बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसवलं आणि त्याच्या आईला निरोपही धाडला नाही, तर गावात बोभाटा होतो आणि तो रास्तच असतो. शेल्टरच्या बाबतीत मी हाच फरक धरून चालतो. लागण झाली म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही. पहिला खोकला कानावर पडल्यापासून पुढे कोणी काय केलं, तिथून हिशेब सुरू होतो.

तारखा मांडून बघा

जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला खोकला येईपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. केनेल कफमध्ये तो साधारण २ ते १४ दिवसांचा, बहुतेकदा ३ ते १० दिवसांचा असतो. अर्ध्याअधिक भांडणांचं उत्तर या आकड्यांत आहे.

समजा, मालवणच्या एका कुटुंबाने सोमवारी सकाळी कुत्रा सोडला आणि पुढच्या रविवारी परत आणला. कुत्रा सोमवारी रात्रीच खोकायला लागला असेल, तर लागण आधीची. घरी, लस टोचायला नेलं त्या दवाखान्याच्या बाकावर, किंवा किनाऱ्यावर भटक्यांशी खेळताना. शनिवारी खोकला सुरू झाला, तर दोन्ही शक्यता उरतात, पण पारडं शेल्टरकडे झुकतं. घरी आल्यावर बुधवारी सुरू झाला, तर शेल्टरमध्ये लागण झाल्याची शक्यता बरीच, आणि तरीही तिथल्या माणसाने त्या कुत्र्याचा एकही खोकला ऐकलेला नसणार. 'आमच्याकडे ठणठणीत होता' हे त्याचं बोलणं खोटं नाही. फक्त त्यातून काही सिद्ध होत नाही. परत आणल्यावर तीन आठवड्यांनी खोकला आला, तर मात्र शेल्टरला फोन करू नये.

तारखांपेक्षाही वजनदार पुरावा एकच: त्याच दिवसांत तिथे असलेली इतर कुत्री. त्यांतली तीन-चार खोकत असतील तर बाकी वाद फार उरत नाही. बोर्डिंगला, म्हणजे पैसे देऊन राहायला, कुत्री ठेवणारे लोक एकमेकांना ओळखतात, निदान एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी असतात. तिथे शिव्या घालण्याआधी नुसतं विचारावं, 'तुमचा कसा आहे?'

पावसाळा आणि निळी ताडपत्री

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चिऱ्याच्या अर्ध्या भिंती, वर पत्रा, मध्ये जाळी अशी कुत्र्यांची शेड इतर आठ महिने छान हवेशीर असते. मग आडवी झड यायला लागते आणि पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री बांधली जाते, दोन दिवसांनी दक्षिणेलाही. पाऊस थांबतो, पण त्याबरोबर वाराही थांबतो. आतली हवा कोंडते, फरशी दिवसभर ओली राहते, मुताचा उग्र वास साठतो आणि त्यातल्या अमोनियाने कुत्र्यांच्या श्वासनलिका आधीच हुळहुळ्या होतात. खोकल्याचे तुषार बाहेर जायला वाट नसते. आणि नेमकं याच दिवसांत गणपतीसाठी शेल्टर काठोकाठ भरलेलं असतं.

यावर करायच्या गोष्टी खर्चिक नाहीत. ताडपत्री थेट पत्र्याला न भिडवता वर हातभर फट ठेवावी, म्हणजे गरम, ओलसर हवा वरून निघून जाते. एक्झॉस्ट पंखा असला तर उत्तम, पण पहिल्याच वादळी पावसात वीज जाते हे धरून चालावं. पाइपने जोरात पाणी मारून जाळ्या धुऊ नयेत. घाण तुषारांबरोबर शेजारच्या पिंजऱ्यात उडते. आधी साबणाने घासून मगच ब्लीच लावावं, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. खोकणाऱ्या कुत्र्याला वेगळ्या शेडमध्ये ठेवावं, बागेतला एखादा रिकामा मांगर, म्हणजे खोपटंही चालेल. ते जमत नसेल तर पूर्वेच्या टोकाला, कारण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे वाहता कामा नये. त्याची भांडी आणि फडकी वेगळी. रोजचं काम निरोगी कुत्र्यांपासून सुरू करून आजाऱ्यापाशी संपवायचं, उलट नाही.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण कायद्यातही आहे. शेल्टरने कशी काळजी घ्यायला हवी होती, हे 'तशाच परिस्थितीत' शहाण्या माणसाने काय केलं असतं यावरून ठरतं. कोकणात पाऊस अचानक येत नाही. दर वर्षी येणाऱ्या गोष्टीची सबब कशी चालेल?

कायदा कुत्र्याकडे कसा बघतो

आपली वस्तू दुसऱ्याकडे काही कामासाठी सोपवायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्यात बेलमेंट म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ यात त्याचे नियम आहेत. पाळीव जनावर कायद्याच्या लेखी मालमत्ता असल्याने कुत्रा सांभाळायला देणंही यातच बसतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण मालकाला संरक्षण यातूनच मिळतं.

कलम १५१ सांगतं, की सांभाळणाऱ्याने त्या वस्तूची तेवढी काळजी घ्यावी, जेवढी सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. कलम १५२ सांगतं, की एवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, आणि वेगळा काही करार नसेल, तर सांभाळणारा जबाबदार नाही. दोन्ही कलमं एकत्र वाचली की आपल्या प्रश्नाचा सांगाडा उभा राहतो. नुसती लागण झाली म्हणून शेल्टर पैसे देणं लागत नाही. काळजी घेण्यात कसूर झाली असेल तर लागतं.

मग कसूर झाली हे दाखवायचं कोणी? इथे मालकाला थोडा हात मिळतो. कुत्रा ताब्यात असताना काय काय घडलं हे फक्त सांभाळणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून आपण योग्य काळजी घेतली हे दाखवण्याचं ओझं न्यायालयं सर्वसाधारणपणे त्याच्यावर टाकतात. त्यासाठी शेल्टरकडे लागते एक साधी वही. कुठला कुत्रा कधी आला, कुठल्या पिंजऱ्यात होता, लसीचं कार्ड बघितलं का, पहिला खोकला कोणाला कधी, त्याला कधी हलवलं, डॉक्टर कधी आले, मालकाला कधी कळवलं. एवढं लिहून ठेवणारं शेल्टर अशा वादात क्वचितच हरेल. सगळं तोंडी चालतं तिथे प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो.

याच कायद्याचं कलम १५० मालकांना सहसा ठाऊक नसतं. सोपवलेल्या वस्तूत दोष आहे हे देणाऱ्याला माहीत असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका असेल, तर तो सांगणं देणाऱ्याचं कर्तव्य आहे. कायद्यातच उदाहरण दिलंय: एकाने दुसऱ्याला खोडकर घोडा वापरायला दिला, खोड सांगितली नाही, घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला, नुकसान घोडा देणाऱ्याने भरायचं. उधळणाऱ्या घोड्याच्या जागी खोकणारा कुत्रा ठेवून बघा. घरी दोन दिवस खोकत असलेला कुत्रा 'जरा घसा बसलाय' म्हणत सोडून गाडी गाठणारा मालक इतर दहा कुत्र्यांच्या उपचारांचा वाटेकरी होऊ शकतो. माझं मत विचाराल तर अशा भांडणांत ही बाजू फारच कमी बोलली जाते.

"पण सगळ्या लसी टोचल्यात!"

मालकांचा हा हुकमी एक्का, आणि बहुतेकदा तो चालत नाही. दर वर्षी टोचली जाणारी 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' लस डिस्टेम्पर, पार्व्हो, लेप्टो या कुत्र्यांच्या आजारांबरोबर अडेनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएन्झावरही काम करते, पण तिच्यात बॉर्डेटेला नसतो. त्यासाठी नाकात सोडायची वेगळी केनेल कफची लस येते. ती मागावी लागते, आणि छोट्या गावात डॉक्टरला आधी सांगून मागवून ठेवावी लागते.

तीही घेतली तरी लागण होणारच नाही असं नाही; झाली तर आजार सौम्य राहतो. बॉर्डेटेलापासून संरक्षण सुरू व्हायला साधारण तीन दिवस लागतात, पॅराइन्फ्लुएन्झाला सुमारे तीन आठवडे. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी लस देऊन उपयोग नाही. शिवाय नाकातल्या लसीनंतर काही कुत्री दोन-चार दिवस शिंकतात, थोडं खोकतातही, आणि मग शेल्टरमध्ये तीच आजारी समजून वेगळी बांधली जातात.

शेल्टरच्या बाजूने बघायचं तर लसीचं कार्ड न बघता कुत्रा आत घेणं ही कसूर म्हणता येईल. कार्ड बघूनही लागण झाली, तर ती नाही.

"आम्ही तर फुकट सांभाळतो"

कोकणातली बरीच शेल्टरं दोन-चार माणसांच्या जिवावर आणि देणग्यांवर चालतात. जखमी, टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली कुत्री तिथे येतात. त्यांच्याकडे बिल घेऊन जायचं म्हणजे अनेकांना कसंसंच होतं, आणि ते बरोबरही आहे. पण कायदा सांभाळण्याचं माप फुकट-विकत बघून बदलत नाही. कलम १५१ सगळ्या बेलमेंटला सारखंच लागू आहे. फरक पडतो तो तक्रार कुठे करायची यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मोफत सेवेला लागू नाही. दिवसाचे ठरलेले पैसे घेऊन कुत्रा ठेवला, तर संस्था धर्मादाय असली तरी ती त्या व्यवहारापुरती सेवा विकत असते. निव्वळ मैत्रीखातर ठेवला, तर ग्राहक आयोगाचं दार बंद. उलट कलम १५८ प्रमाणे फुकट सांभाळणाऱ्याला झालेला आवश्यक खर्च मालकाने द्यायचा असतो. म्हणजे तुमचा कुत्रा आजारी पडल्यावर शेल्टरने स्वतःच्या खिशातून डॉक्टर बोलावला असेल, तर बिल उलट्या दिशेने येऊ शकतं!

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. बहुतेक ठिकाणी एकाच आवारात दोन्ही कामं चालतात: रस्त्यावरून उचललेली कुत्री आणि पैसे देऊन ठेवलेली घरची कुत्री. बोर्डिंगच्या पैशातून भटक्यांचा भात शिजतो. हा हिशेब मला मान्य आहे, त्याशिवाय ही शेल्टरं टिकणार नाहीत. पण रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचा आगापिछा कोणालाच ठाऊक नसतो. त्याला आल्याबरोबर दोन आठवडे वेगळं न ठेवता घरच्या कुत्र्यांशेजारी बांधलं, तर काळजी घेतली असं म्हणणं कठीण. कारण त्याचा खोकला केनेल कफचाच असेल असंही नाही. डिस्टेम्परची सुरुवात अशीच खोकल्याने, डोळ्या-नाकातून वाहण्याने होते, पुढे झटके येतात, आणि त्यातून वाचणारी कुत्री थोडी. 'साधा केनेल कफ आहे' असं डॉक्टरला न दाखवता ठरवणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग पडणारा अंदाज.

"सही केलीय ना तुम्ही?"

कुत्रा ठेवताना एक कागद पुढे येतो: आजार, दुखापत किंवा मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. घाईत सगळे सही करतात. त्या सहीने काय होतं? एकत्र राहिल्याने खोकला लागू शकतो, हा नेहमीचा धोका तुम्हाला सांगितला होता आणि तुम्ही तो पत्करला, इतकं त्यातून शेल्टरला दाखवता येतं, आणि ते कमी नाही. आजारी कुत्रा मुद्दाम शेजारी ठेवला, चार दिवस कळवलं नाही, डॉक्टर बोलावला नाही, हे सगळं मात्र त्या एका ओळीखाली झाकायला गेलं तर कठीण जाईल. २०१९ च्या कायद्यात ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी, अनुचित करारांचीही दखल घेतली आहे.

चांगला कागद तो, ज्यात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं. खोकला सुरू झाल्यास कोणत्या नंबरवर कळवायचं, फोन लागला नाही तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करायचा, आणि तो शेवटी कोणी द्यायचा. हे चार मुद्दे आधी ठरले तर निम्मी भांडणं उगवतच नाहीत. मालक कोकण रेल्वेत बसलेला असतो आणि बोगद्यांमधून रेंज येत-जात असते. तेव्हा विचारून ठरवू म्हणणं म्हणजे ठरवूच नये म्हणणं.

दत्तक घेतलेला कुत्रा आठवड्यात खोकला तर

इथे बेलमेंट नाही, कारण कुत्रा आता तुमचाच झाला. ज्ञात आजार लपवून दिला असेल तर शेल्टरला जाब विचारता येतो. माहीत नसलेला आजार नंतर उघडा पडला, तर तो तुमच्या घरच्या कुत्र्याचा आजार. चांगली शेल्टरं पहिल्या काही दिवसांचं औषध स्वतःहून देतात. तो त्यांचा चांगुलपणा, हक्क म्हणून मागू नये. घरी आधीचा कुत्रा असेल तर नव्याला दोन आठवडे पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मांजरांनाही बॉर्डेटेला होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. माणसांना क्वचितच, पण घरात कोणाची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असेल, केमोथेरपी वगैरे चालू असेल, तर त्यांनी खोकणाऱ्या कुत्र्यापासून दूर राहावं.

मागायचं किती आणि कुठे

रास्त मागणी म्हणजे डॉक्टरचं आणि औषधांचं बिल, फार तर राहण्याचे घेतलेले पैसे. पावत्या, डॉक्टरने तारखेसह लिहिलेलं निदान, कुत्रा सोडताना आणि नेताना काढलेला व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा. आधी लेखी मागणी करा. बहुतेक शेल्टरं मध्यावर येतात, आणि माझ्या मते साध्या केनेल कफमध्ये मध्यावर थांबणंच शहाणपणाचं.

नाहीच जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथेही दावा दाखल करता येतो. म्हणजे गणपतीत कुत्रा कुडाळला ठेवणारा डोंबिवलीकर ठाणे जिल्ह्यातून तक्रार करू शकतो. कुडाळच्या शेल्टरवाल्याला मग ठाण्याच्या तारखा सांभाळाव्या लागतात, तेव्हा हा हक्क वापरताना समोरच्याचं बळही बघावं.

पोलिसांत जायची धमकी बरेच जण देतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, आणि त्याच्या कलम ३ नुसार जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घेणं बंधनकारक आहे. पण तो क्रूरतेसाठी आहे, खोकल्यासाठी नव्हे. शिवाय पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. डॉक्टरची पहिली फीही त्यातून निघणार नाही.

ज्याला मालकच नाही, त्याचं काय

आता पुन्हा नगरपरिषदेच्या निवाऱ्याकडे. नसबंदीसाठी उचललेला कुत्रा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत आपल्या जागी परत सोडला जातो. अधिशयन काळ १४ दिवसांपर्यंतचा असल्याने तिथे लागलेला खोकला बऱ्याचदा एसटी स्टँडमागे किंवा मासळी बाजारात सुरू होतो. वहीत त्याची नोंद होत नाही, बिल कोणी दाखवत नाही, दोषही कोणी कोणाला देत नाही. तिथून तो खोकला सकाळी फिरायला निघालेल्या घरच्या कुत्र्यापर्यंत येतो, आणि तो मालक आपल्या बोर्डिंगवाल्याशी भांडत बसतो.

कायमस्वरूपी निवाऱ्यांत प्रश्न याहून मोठा असेल. तिथे कुत्रा आठवडाभर नाही, आयुष्यभर राहणार. जल्लीकट्टू प्रकरणातल्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या ज्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला, त्यांत वेदना, दुखापत आणि आजार यांपासूनचं स्वातंत्र्यही आहे. मालक नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते सांभाळायचं काम ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचं, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचं आणि तिने नेमलेल्या संस्थेचं. म्हणून निविदा निघते तेव्हाच नागरिकांनी विचारायला हवं: विलगीकरणाच्या खोल्या किती, नव्या कुत्र्यांना किती दिवस वेगळं ठेवणार, पावसाळ्यात हवा कुठून जाणार, पशुवैद्यक आठवड्यातून किती वेळा येणार, आणि नोंदवही बघायला मिळेल का. निवारा बांधून झाल्यावर हे विचारलं तर उत्तर एकच येतं, की पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू.